तोंडाला जाळं

"तोंडाला जाळं लागलं का, पोरी?"

"कसलं जाळं?"

"कोळ्याचं."

केतकीनं गालावरून हात फिरवला. मग कपाळावरून. काहीच नव्हतं.

"नाही. का?"

"इतक्या दिसांत?"

"एकदाही नाही."

"बरं," बाबा म्हणाले आणि समोरच्या झाडीकडं बघत बसले...

केतकीचा पार मूड गेला. म्हणजे बघा, ती सांगत होती काय आणि हा माणूस विचारत होता काय! आत्ताच तिनं एका दमात सगळं ऐकवलं होतं. अख्खा घाटमाथा, वाडी ते वाडी, एकटी. ना गाइड, ना ग्रुप. आणि एकदाही वाट चुकली नाही, एकदाही! दुफाटा आला की ती डोळे मिटून क्षणभर उभी राहायची आणि तिला आतूनच कळायचं, इकडून जायचंय. आतूनच! हे ऐकून माणसं "बापरे" म्हणतात. निदान "शाब्बास" तरी म्हणतात.

आणि हे म्हणे, कोळ्याचं जाळं.

बाबा म्हणजे शंकरपुरी गोसावी. भोमाळी आणि तळकोंड या दोन गावांच्या मधे एक खिंड आहे, त्या खिंडीत त्यांचं ठाणं. पत्र्याचं छप्पर, एक धुनी, एक शेंदूर लावलेला दगड आणि बाबा. आदल्या दिवशी ते भोमाळीत भिक्षेला उतरले होते. आता भोमाळीच्या वेशीवरच्या दगडावर बसले होते, मांडीवर झोळी घेऊन, जणू केतकीचीच वाट बघत.

आता केतकी मुळात एकटी का निघाली, तर त्याला कारण होतं एक पार्सल.

मागच्या थंडीत ती ग्रुपबरोबर एका गडावर गेली होती. उतरताना एका कातळावर तिचे पाय लटपटायला लागले आणि ती जी तिथं बसली ती उठेचना. शेवटी दोघांनी दोन हात धरले, एकानं खालून तिचा एकेक बूट धरून एकेका खाचेत ठेवला, आणि असं करत तिला खाली आणलं. खाली आल्या आल्या कुणीतरी ओरडलं, "पार्सल पोचलं!"

सगळे हसले. केतकीपण हसली.

पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ग्रुपवर पार्सल. फोन उचलला की "बोल पार्सल". वाढदिवसाच्या केकवरसुद्धा क्रीमनं "पार्सल" लिहिलेलं! तिनं तो केक कापला, वाटला, आणि घरी जाऊन बाथरूमचं दार लावून रडली.

म्हणून हे सगळं. तिचा स्वतःशीच नियम होता: कुणाची सोबत नाही. कुणी चार पावलं जरी बरोबर चाललं, तरी खेळ खलास.

पण या डोंगरात एक भलतीच रीत. मुक्कामाला आलेलं माणूस एकटं वाटेला लावायचं नाही. गावातलं कुणीतरी शिवेपर्यंत सोबत जाणार आणि परत फिरणार. त्यात विचारायचं काही नसतं. ताटात भात वाढतात ना, तसं.

प्रत्येक गावात केतकीचा रात्रीच्या जेवणावर वाद व्हायचा. "मावशी, मला खरंच नकोय हो सोबत. मला एकटीलाच जायचंय." घरातली माणसं एकमेकांकडं बघायची आणि म्हणायची, "बरं, ऱ्हायलं."

इतकं सोपं! केतकीला वाटायचं, आपल्याला काय मस्त पटवता येतं लोकांना.

भोमाळीच्या ठकूबाईनं मात्र आज सकाळी घोळ घातला. "आज समद्यांची भातकापणी हाय गं बाय. आज कोन मोकळं न्हाई. पन बाबा चाललेत, त्येंच्या मागंफुडं जा."

"मावशी, काल ठरलं होतं ना आपलं!"

"अगं तू तुझी जा की! ते त्येंचं जात्यात. वाट काय तुझ्या एकटीची हाय व्हय?"

केतकीनं सॅक पाठीला लावली.

तर आता वेशीवर ती उभी, बाबा बसलेले. उन्हं नुकतीच वर येत होती.

"बाबा, तुम्ही व्हा पुढं. मी येते मागून. अर्ध्या तासानं."

"न्हाई, तूच हो फुडं. माझं गुडघं आता कुणाच्या फुडं जायजोगं ऱ्हायलं न्हाईत."

"पण मग मी एकटी कशी?"

"ऱ्हा की एकटी. मी बी एकटाच हाय."

"दोघं दोघं एकटे?"

"व्हय. वाट ऐसपैस हाय."

वाट वीतभर रुंद होती.

केतकी निघाली. मागं काठीचा आवाज, टक... टक... टक. तिनं ठरवलं की तो आवाज ऐकायचाच नाही.

रानात शिरली आणि फट्‌! काहीतरी चिकट तोंडावर. डोळ्यांवर, ओठांवर, केसांत. ती थू-थू करत मागं सरकली. चांगलं तळहाताएवढं कोळ्याचं धूड तिच्या खांद्यावरून तुरुतुरु पळालं आणि केतकीनं अशी किंकाळी मारली की वरच्या झाडावरची वानरं उड्या मारत पळाली.

"गेला का?"

"गेला त्यो. बिचारा, रातभर ईनत हुता."

पुसून, झटकून ती पुढं निघाली. दहा पावलांवर दुसरं. मग तिसरं. वाटेच्या आरपार, या झाडापासून त्या झाडापर्यंत, उन्हात चमकणारी. पिवळट, दोऱ्यासारखी चिवट. चष्म्यावर तर नक्षीच झाली.

"शी! आजच कसली ही जाळी? इतके दिवस एकसुद्धा नव्हतं!"

"आज फुडं कोन न्हाई," मागून बाबा म्हणाले.

केतकीनं ऐकलं. पण तेव्हा ती दाताला चिकटलेलं जाळं काढत होती.

मग आला दुफाटा. दोन वाटा. डावी, उजवी. दोन्ही सारख्याच मळलेल्या, दोन्ही सारख्याच झाडीत शिरणाऱ्या. फोनचा नकाशा म्हणत होता की ती एका हिरव्या रंगाच्या मधोमध आहे. थँक यू!

केतकीनं डोळे मिटले. आतून काही येतंय का बघितलं.

काही नाही.

तिनं आणखी घट्ट मिटले... मागं काठी थांबली होती. बाबा नुसते उभे. आता या माणसासमोर किती वेळ डोळे मिटून उभं राहणार?

"डावी," ती ठामपणे म्हणाली.

ती डावीकडं वळली, तेही वळले. टक... टक...

वाट छान होती. मग बरी होती. मग वाटेवर शेण दिसायला लागलं आणि माणसाच्या पावलाची खूण काही दिसेना. मग कारवीच्या झुडपांतून ती बाहेर आली, एक पाऊल टाकलं आणि पुढं...

पुढं काहीच नव्हतं. कडा. खाली ढग, ढगाखाली दरी.

आणि पाय लटपटायला लागले.

अगदी तसेच. मागच्या थंडीतल्यासारखेच. केतकी मटकन खाली बसली. दोन्ही हातांनी गवत धरलं. आता इथून आपण उठणार नाही, हे तिला पक्कं कळलं. आता कुणीतरी हात धरणार. बूट धरणार. पार्सल.

बाबा आले. त्यांनी हात धरला नाही. ते तिच्या शेजारी हुश्श करून बसले. झोळीतून ठकूबाईची भाकरी काढली, अर्धी मोडली आणि तिच्या मांडीवर ठेवली. वर ठेचा.

"खा. हितं वारं ग्वाड असतं."

भाकरी खायला एक हात गवतावरून सोडावा लागला. ठेचा लावायला दुसरा.

दोघं खात बसले...

भाकरी संपत आली तशी केतकी म्हणाली, "ही वाट नाहीये ना तळकोंडची?"

"न्हाई. म्हशींची हाय. कडंला झरा हाय, थितं पान्याला येत्यात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"आधीपासून?"

"तुझ्या वयाचा हुतो, तवापास्नं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एकटी हुतीस न्हवं?"

केतकीचा घास तसाच राहिला. तिला राग यायला हवा होता. पण हसूच यायला लागलं, आणि हसता हसता बघते तर ती उभी होती. कधी उठली ते तिला कळलंच नाही. पाय थरथरत होते, पण तिचेच होते.

दोघं उलटे फिरून दुफाट्यावर आले. बाबांनी शेजारच्या आंजणीची एक हिरवी डहाळी मोडली. डाव्या वाटेवर आडवी टाकली. वाऱ्यानं हलू नये म्हणून बुडख्यावर एक दगड ठेवला.

"हे काय?"

"कोन मागनं आलं तर. ही वाट न्हाई, हे कळाय."

बाबा उजवीकडं चालायला लागले. केतकी तिथंच उभी.

हिरवी डहाळी. मोडलेलं टोक पांढरंशुभ्र. त्यावर दगड.

पहिल्या दिवशीच्या दुफाट्यावर पण एक डहाळी पडली होती. तिला वाटलं होतं, वाऱ्यानं पडली असेल. दुसऱ्या दिवशी पण होती. टेपाडाच्या वळणावर तर तीन वाटा होत्या आणि दोन वाटांवर डहाळ्या होत्या. ती ओलांडून कशाला जायचं, म्हणून ती मोकळ्या वाटेनं गेली होती. आतून कळलं होतं म्हणे! पानं सगळी हिरवी होती. आणि वारा तर इतके दिवस सुटलाच नव्हता.

आणि ती माणसं! रोज वाटेत कुणीतरी समोरून यायचं. एक म्हातारी आजी, हातात नुसती पाल्याची काडी. "आलीस व्हय? जा जा, वाट ब्येस हाय." तिच्या पदराला काहीतरी पांढरं चिकटलेलं होतं. केतकीला वाटलं होतं, कापूस असेल. एक लंगडत चालणारे दादा, त्यांच्या टोपीवर पण तसंच. ती दर वेळी मनात म्हणायची, कसली भारी आहेत ही माणसं, एवढ्या सकाळी कुठून येतात!

कुठून येतात...

ती पळत पळत बाबांपाशी पोचली.

"बाबा, माझ्या पुढं कोण जात होतं?"

"मी भोमाळीत हुतो."

"सांगा ना!"

"तुझ्या तोंडाला जाळं लागलं न्हाई, हे तूच म्हनालीस."

केतकी वाटेतच बसली. आता रडूच आलं. साधंसुधं नाही, नाक गळणारं.

"म्हणजे मी परत पार्सलच! गावोगाव, हातोहात पोचवलेलं पार्सल. मला वाटलं मी... मला वाटलं होतं मी एकटीनं..."

"पार्सल म्हंजे एसटीच्या टपावर टाकत्यात, त्ये?"

"हो."

बाबांनी विचार केला. चांगला वेळ घेऊन केला.

"मला बी माझ्या आईनं असंच गुरूंच्या हवाली केलं हुतं. लई रडलो. मग खिंडीत आनून सोडलं. हाय आजून."

"पण तुम्हाला कुणी हसलं नसेल!"

"लई हासत्यात. परवा ठकू म्हनाली, बाबा, तुमची दाढी बकऱ्यागत झालीया."

केतकी रडता रडता फिस्सकन हसली. बाबांनी दाढी कुरवाळली, जरा नाराजीनंच.

खिंड आली. बाबा शेंदराच्या दगडाशी थांबले. इथं शीव. इथून खाली तळकोंड दिसत होतं, कौलं, भाताची पिवळी खाचरं, एसटीचा लाल ठिपका.

"आता माझी वाट सपली."

केतकी निघेना.

"बाबा, एक सांगा. मी एकटी आले की नाही आले? एवढंच सांगा."

"उंद्या सांगतो."

"उद्या मी इथं कुठं असणार? सकाळच्या एसटीनं चाललेय मी."

"मग न्हाई सांगत," बाबा म्हणाले आणि धुनी फुंकायला बसले.

तळकोंडात दगडूभाऊंचं हॉटेल, तिथंच मुक्काम. चहा पिता पिता फोनला रेंज आली आणि ग्रुपवरचे मेसेज धडाधड पडले. "पार्सल, कुठवर?" "पार्सल, जिवंत आहेस का?" केतकीनं टाइप केलं, "एकटीनं पूर्ण केलं!!!" तीन उद्गारचिन्हं. बघत बसली. मग सगळं पुसलं आणि लिहिलं, "पार्सल पोचलं."

शेजारच्या बाकावर एक काका बसले होते. नाशिकचे नाडकर्णी. नवी कोरी सॅक, नवी काठी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. उलट बाजूनं तेच डोंगर चालायला आलेले.

"सकाळी एक मानूस देतो सोबत," दगडूभाऊ म्हणाले.

"छे, छे! अजिबात नको!" काका एकदम तापले. "मुलगा म्हणतो झेपणार नाही. सून म्हणते झेपणार नाही. डॉक्टर तर म्हणतोच म्हणतो. एकट्यानं जाणार. कुणी बरोबर आलं तर काय अर्थ राहिला?"

दगडूभाऊंनी आत बायकोकडं बघितलं. बायकोनं त्यांच्याकडं.

"बरं, ऱ्हायलं," दगडूभाऊ म्हणाले.

केतकीनं कप खाली ठेवला आणि दोघांकडं बघितलं.

जेवणं झाल्यावर ती चुलीपाशी गेली. "भाऊ, उद्या पुढं कोण जाणार?"

दगडूभाऊ चपापले. मग हसले. "कळलं व्हय तुला? पुतन्या जाईल माझा."

"मी जाते."

"तू? तू तर पाव्हनी!"

"खिंडीपर्यंत वाट मला माहितीये. आजच आले ना."

"येका जागी फाटा हाय, उतरताना ध्यानात येत न्हाई. वर जाताना डाव्या हाताला न्हाई जायाचं."

"डहाळी टाकते."

दगडूभाऊंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग एकच म्हणाले, "त्येंना बोलायचं न्हाई हां."

"माहीत आहे."

पहाटेच्या धुक्यात ती निघाली. हातात पाल्याची काडी. सुरुवातीला ती जाळं काडीवर गुंडाळून बाजूला करत होती, मग एकेक निसटायला लागलं. नाक, कान, भुवया. एक कोळी कोपरावर येऊन बसला. केतकीनं दात आवळले आणि त्याला हळूच पानावर सोडलं. किंचाळून चालणार नव्हतं. काकांना ऐकू गेलं असतं.

फाट्यावर तिनं डहाळी आडवी टाकली. दगड ठेवला. दोन पावलं गेली, परत आली, दगड बदलून मोठा ठेवला.

उन्हं आली तेव्हा ती खिंडीत पोचली. बाबा धुनीशी बसलेले. त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा धुनी फुंकायला लागले. केतकी भिंतीला टेकून बसली. खाली दरीत एसटीचा हॉर्न वाजला आणि तिची गाडी गेली.

थोड्या वेळानं काका आले. घामाघूम, लालबुंद, डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

"नमस्कार बाबाजी! एकट्यानं आलो! या गुडघ्यांनी! मध्ये एक फाटा होता, पण मला आपोआपच कळलं बघा... अरे, तू कालची ना? तू इकडं कशी?"

"सहजच, काका. पुढची वाट चांगली आहे. जा तुम्ही."

बाबांनी काकांना निरखलं.

"तोंडाला जाळं लागलं का, साहेब?"

काकांनी गालावरून हात फिरवला. "कसलं जाळं? नाही बुवा. का?"

बाबांनी चिमट्यानं धुनी सारखी केली.

काका हसले, पाणी प्याले, गुडघ्यांचे पट्टे घट्ट केले आणि गाणं गुणगुणत भोमाळीच्या बाजूला उतरले. काठीचा आवाज लांब लांब गेला...

मग खिंडीत फक्त धुनीचा तडतड आवाज.

"बाबा, कालचं राहिलंय तुमचं. आज उद्या झाला."

बाबा उठले. तिच्यासमोर आले. तिच्या चष्म्यावरून, भुवईवरून, केसांतून एकेक धागा काढला आणि सगळे बोटावर गुंडाळले. गुंडी झाली, वाटाण्याएवढी. ती त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.

"आज आलीस एकटी."